मुक्तकांची मोजदाद

३ जुलै २०२४ रोजी पूर्व फ्रान्समधल्या सँ-व्हुल्बा नावाच्या लहानशा गावी मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्समधला आपला पस्तिसावा टप्पा जिंकला आणि एडी मेर्क्सचा चौतीस टप्प्यांचा विक्रम मोडला. हा विक्रम १९७५ पासून उभा होता, म्हणजे कॅव्हेंडिशच्या जन्माच्या दहा वर्षे आधीपासून. बातमी एवढीच. परंतु तिच्या मागोमाग जो प्रश्न उभा राहतो तो मला फार ओळखीचा वाटला. सायकलींइतकाच त्याचा संबंध आपल्या वाङ्मयप्रकारांच्या जुन्या भांडणाशी आहे. मेर्क्सचे चौतीस आणि कॅव्हेंडिशचे पस्तीस ही एकाच जातीच्या वस्तूंची मोजणी आहे काय? मेर्क्सने डोंगर जिंकले, सपाटी जिंकली, घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यती जिंकल्या आणि पाच वेळा अख्खी टूर जिंकली. कॅव्हेंडिशने पस्तीस वेळा एकच गोष्ट केली : जथ्यातून येऊन शेवटच्या दोनेकशे मीटरांत तो इतरांच्या पुढे गेला. मग त्याला मेर्क्सच्या वर बसवायचे कसे?

ज्यांना या शर्यतीची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९०३ साली 'लोतो' या क्रीडा-दैनिकाने स्वतःचा खप वाढवण्यासाठी ती सुरू केली. (वर्तमानपत्राच्या खपासाठी जन्माला आलेला प्रकार, हे कादंबरीच्या अभ्यासकांना परके वाटू नये.) आज ती तीन आठवडे, एकवीस टप्प्यांत, साधारण साडेतीन हजार किलोमीटर चालते. प्रत्येक दिवसाचा एक विजेता असतो; शिवाय सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज केल्यावर ज्याची बेरीज सर्वांत कमी भरते तो अख्ख्या शर्यतीचा विजेता. ही दोन मापे एकमेकांपासून इतकी स्वतंत्र आहेत की १९५६ मध्ये रोजे वाल्कोव्हिआकने आणि १९९० मध्ये ग्रेग लेमाँडने त्या त्या वर्षी एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकली. उलट कॅव्हेंडिशने ज्या आठ वर्षी शर्यत पूर्ण केली त्यांतल्या एकाही वर्षी तो एकूण क्रमवारीत पहिल्या शंभरांतही नव्हता.

संस्कृत काव्यशास्त्रात या भेदासाठी दोन नेमके शब्द आहेत : प्रबंध आणि मुक्तक. प्रबंधात श्लोक आपल्या आगेमागेच्या श्लोकांच्या आधाराने उभा असतो. मुक्तकाला कोणाचा आधार नाही, जे काय साधायचे ते त्याच चार चरणांत. प्रबंधकाराची प्रतिष्ठा मोठी हे गृहीतच होते. तरीही आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त अमरूच्या मुक्तकांविषयी असा निर्वाळा दिला आहे की ती एकेकटी असूनही प्रबंधाच्या योग्यतेची आहेत. आपल्याकडे तर या परंपरेचे मूळच मुक्तकात आहे. 'गाथासप्तशती' म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे सुट्या गाथा, आणि तिच्या नावातच मोजदाद आहे. सातशे, शंभर, असे आकडे नावात मिरवण्याची गरज महाकाव्याला पडत नाही. मुक्तकांची थोरवी सांगायची तर ती मोजावीच लागतात.

हेच भांडण पुढे आपल्या वर्गांपर्यंत आले ते कथा आणि कादंबरी यांच्या रूपाने. नेमाड्यांनी कथेला कादंबरीपुढे गौण ठरवले, आणि त्या भूमिकेवर अनुकूल-प्रतिकूल लिहीत विद्यार्थ्यांच्या काही पिढ्या उत्तीर्ण झाल्या. जी. ए. कुलकर्णी यांनी अनुवाद केले, पण स्वतंत्र कादंबरी लिहिली नाही. ही त्यांची मर्यादा की निष्ठा, हा प्रश्न मी स्वतः वर्गात अनेकदा विचारलेला आहे. विद्यार्थी बहुधा 'निष्ठा' म्हणतात, कारण शिक्षिकेला तेच उत्तर हवे आहे हे त्यांना कळते. असो.

रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात टूर द फ्रान्सवर एक निबंध लिहिला आहे आणि शर्यतीला सरळ महाकाव्य म्हटले आहे. नायकांची नावे, त्यांचे स्वभावधर्म, भूगोलाला येणारे व्यक्तित्व ही सारी लक्षणे तो दाखवतो. व्हाँतू पर्वताला तर बळी मागणाऱ्या दैवताचे रूप देतो. निबंध अप्रतिम आहे. परंतु त्याच्या महाकाव्यात डोंगर हेच मध्यवर्ती स्थान आहे, आणि सपाट रस्त्यावर अखेरच्या क्षणी उसळणारा माणूस तिथे फारसा शोभत नाही. आपल्याकडेही मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे 'घाटाचा राजा' हा शब्द रुळला; 'सपाटीचा राजा' असा शब्द कोणाला सुचला नाही. चढण दिसते, तिथला घाम दिसतो, म्हणून तिथले राजेपण पटते.

आता मेर्क्सचे आकडे पाहू. १९६९ मध्ये सहा, १९७० मध्ये आठ, १९७१ मध्ये चार, १९७२ मध्ये सहा, १९७४ मध्ये पुन्हा आठ, १९७५ मध्ये दोन. १९६९ च्या पहिल्याच खेपेत त्याने एकूण विजेतेपद, गुणांचे विजेतेपद आणि डोंगरांचे विजेतेपद ही तिन्ही एकट्याने नेली. त्याला 'नरभक्षक' हे नाव मिळाले ते एका सहकाऱ्याच्या लहान मुलीकडून : कोणासाठी काही शिल्लकच ठेवत नाही, म्हणून. १९७५ साली पुय द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात ठोसा मारला, पुढे पडून गालाचे हाड मोडले, तरी तो शर्यत सोडून गेला नाही आणि बेर्नार तेव्हनेच्या मागे दुसरा आला. चौतिसावा टप्पा याच वर्षातला. तो ओश या गावी संपलेला, घड्याळाविरुद्धचा, आणि खरे तर अर्धाच टप्पा. त्या काळी एका दिवसाचे दोन भाग करून सकाळी एक आणि दुपारी एक अशा शर्यती घेण्याची चाल होती, आणि प्रत्येक भागाचा स्वतंत्र विजेता धरला जाई. संपूर्ण संघाने मिळून जिंकलेल्या शर्यती मात्र या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे ज्या चौतिसाशी कॅव्हेंडिशची तुलना होते तो आकडाही एका विशिष्ट रिवाजाने मोजलेला आहे. 'अमरुशतका'च्या निरनिराळ्या पाठपरंपरांत श्लोकांची संख्या आणि निवड एकसारखी नाही, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. तरी आपण 'शतक' म्हणतो आणि पुढे जातो.

एका संध्याकाळी मी कॅव्हेंडिशचा हिशेब कागदावर मांडला. २००७ : शून्य. २००८ : चार. मग सहा, पाच, पाच, तीन, दोन. २०१४ : शून्य. २०१५ : एक. २०१६ : चार. २०१७ : शून्य. २०१८ : शून्य. २०१९ : शून्य. २०२० : शून्य. २०२१ : चार. २०२२ : शून्य. २०२३ : शून्य. २०२४ : एक. वृत्ताचा गणविन्यास पाहावा तसे मी त्या ओळीकडे पाहत होते. आई शेजारी बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षे शिक्षिका होती आणि टूर माझ्याबरोबर नेमाने पाहते, कारण तिला फ्रान्समधली शेते बघायला आवडतात. तिने कागद ओढून घेतला आणि विचारले, "एकोणीस साली तो होता का गं?"

"नाही. संघानं घेतलंच नाही त्याला."

"आणि वीस साली?"

"तेव्हाही नाही. बावीस सालीही नाही."

"मग तिथं शून्य कशाला लिहिलंस? शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. हा गैरहजर आहे. गै.ह. लिही."

मी तीन शून्ये खोडून तीन ठिकाणी 'गै.ह.' लिहिले. ओळ लगेच वेगळी वाचली जाऊ लागली.

या दुरुस्तीचे मला इतके अप्रूप वाटण्याचे कारण सांगायला हरकत नाही. गेली अकरा वर्षे मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. या व्यवस्थेत जितके तास घ्यावेत तितक्यांचे मानधन मिळते आणि नेमणूक दर वर्षी नव्याने होते. आमच्या जगण्याचे एकक तास हे आहे. प्रत्येक तास सुटा, आगेमागे काही नाही. २०१८ च्या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला आणि ताप गेल्यावरही सांधे आठ महिने धरलेले राहिले. फळ्यावर हात उचलता येत नसे. पुढच्या वर्षी एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले तेव्हा निवड समितीतल्या एका गृहस्थांनी माझा अर्ज पाहत सौजन्याने म्हटले, "मॅडम, गेल्या वर्षीचं आपलं काम शून्य दिसतंय." ते चुकीचे बोलत नव्हते. त्यांच्या तक्त्यात गैरहजेरीसाठी रकाना नव्हता. २०१० च्या नियमावलीनंतर प्राध्यापकांच्या कामाचे गुणांकन सुरू झाले आणि निबंध किती, चर्चासत्रे किती, पुस्तके किती अशा बेरजा करण्याची आम्हा सर्वांनाच सवय लागली. माझ्या नावावर पुस्तक नाही. निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले चाळीस-एक लेख आहेत, बहुतेक आठ-दहा पानांचे. प्रबंध पूर्ण झालेला नाही. तेव्हा प्रबंध आणि मुक्तक यांच्या भांडणात मी त्रयस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

स्प्रिंटरचे काम बाहेरून फार सोपे दिसते. दोनशे किलोमीटर इतरांच्या आडोशाने यायचे आणि अखेरीस सर्वांना मागे टाकायचे. परंतु वारा हा सायकलस्वाराचा मुख्य शत्रू आहे. पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याला तो पुष्कळ कमी लागतो, आणि म्हणून शेवटच्या काही किलोमीटरांत संघाचे लोक आपल्या स्प्रिंटरपुढे रांग धरतात. पहिला आपली सारी शक्ती ओतून बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा माणूस स्प्रिंटरला उरलेल्या दोनशे मीटरांच्या तोंडाशी आणून सोडतो. ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ हा कॅव्हेंडिशचा असा सोडणारा होता. २०१० मध्ये त्याने वाट मोकळी करण्यासाठी शेजारच्याला डोक्याने ढुशा दिल्या. टप्पा कॅव्हेंडिशने जिंकला आणि रेनशॉला शर्यतीतून घालवून देण्यात आले. पुढे डेन्मार्कचा मिकाएल मोर्कोव्ह हेच काम करू लागला. फ्रेंचमध्ये संघातल्या अशा साहाय्यकांना 'दोमेस्तीक' म्हणतात, म्हणजे घरगडी. शब्द क्रूर आहे आणि बरोबरही आहे. आईचा इथे कायम आक्षेप असतो : "त्याला इथवर आणून सोडणाऱ्यांची नावं कुठं लिहितात?" लिहीत नाहीत. पस्तिसांतल्या एकाही विजयात दुसऱ्या कोणाचे नाव नाही. २०१२ साली कॅव्हेंडिश जगज्जेत्याची सप्तरंगी पट्ट्यांची जर्सी घालून आपल्या संघनायकासाठी, ब्रॅडली विगिन्ससाठी, पाण्याच्या बाटल्या वाहत होता. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये पिवळी जर्सी घातलेला विगिन्स स्वतः त्याच्यापुढे वारा कापत राहिला आणि कॅव्हेंडिशने शाँझेलिझेवरचा लागोपाठ चौथा विजय मिळवला. गडी आणि धनी यांची अशी अदलाबदल इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळते.

शेकडो माणसांची ती रंगीत रांग पाहून आपल्या लेखकाला वारीची उपमा सुचणार, हे मला माहीत आहे. मला ती पटत नाही. वारीत पहिले कोणी पोचत नाही.

कॅव्हेंडिशची शरीरयष्टी या कामाला फार अनुकूल होती असेही नाही. तरुणपणी प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याचे आकडे उणे ठरत, आणि आइल ऑफ मॅनवर त्याने काही काळ बँकेत नोकरी केली होती. त्याच्यापाशी होते ते असे : हँडलवर इतका खाली वाकत असे की नाक पुढच्या चाकाला टेकेल की काय असे वाटावे, आणि गर्दीत कोणती फट कोणत्या क्षणी उघडणार हे त्याला आधी कळत असे. अल्पाक्षरी लेखनाशी याचे साम्य मी ताणणार नाही. परंतु जागा कमी असताना काय गाळायचे याचे भान ही कमी प्रतीची शक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा चार ओळींत काही पुरे करून पाहावे.

परंतु पस्तीस या आकड्याचा खरा अर्थ मला सपाटीवर लागला नाही, डोंगरांत लागला. टूरमध्ये प्रत्येक टप्प्याला एक वेळमर्यादा असते. विजेत्याला लागलेल्या वेळेत ठरावीक टक्के वेळ मिळवायचा. ते टक्के टप्प्याच्या अवघडपणावर आणि त्या दिवशीच्या सरासरी वेगावर ठरतात. त्या मर्यादेत जो पोचला नाही तो दुसऱ्या दिवशी शर्यतीत नाही. आदल्या दिवशी तो जिंकलेला असला तरी नाही. चपळ, जाड मांड्यांच्या स्प्रिंटरना आल्प्स आणि पिरनीज ओलांडणे हे जीवघेणे काम असते, आणि त्यांना ते केल्याशिवाय पुढची सपाटी मिळत नाही. म्हणून डोंगराच्या दिवशी सर्वांत मागे या लोकांचा एक घोळका बनतो. इटालियन त्याला 'ग्रुपेत्तो' म्हणतात, फ्रेंच 'ओतोब्यूस', म्हणजे बस. त्यात एक अनुभवी माणूस हिशेबनीस असतो : पुढचे किती पुढे आहेत, मर्यादा किती बसेल, चढावर किती गमावायचे आणि उतारावर किती भरून काढायचे. ऑस्ट्रियाचा बेर्नहार्ड आयझल हे काम कॅव्हेंडिशसाठी वर्षानुवर्षे करत आला. कॅमेरा तिथे फारसा जात नाही. पुढे विजेता बक्षीस घेऊन, आंघोळ करून मोकळा झालेला असतो आणि हे लोक अजून चढतच असतात.

२०११ साली गालिबिएच्या टप्प्यावर ऐंशीहून अधिक सायकलस्वारांचा असा घोळका मर्यादेबाहेर पोचला. इतक्या लोकांना घरी पाठवले तर शर्यतच उरणार नाही, म्हणून पंचांनी त्यांना ठेवून घेतले आणि प्रत्येकाचे वीस गुण कापले. दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझवर पुन्हा तेच. हे चाळीस गुण गमावूनही त्या वर्षीची गुणांची हिरवी जर्सी कॅव्हेंडिशने मिळवली. २०१८ मध्ये असे झाले नाही. ला रोझिएरच्या चढावर तो विजेत्याच्या मागून तासाहून अधिक वेळाने, एकटा, पोचला. आपण बाद झालो आहोत हे त्याला केव्हाच कळले असणार. तरी तो गाडीत बसला नाही. शेवटच्या रेषेपर्यंत सायकल चालवत आला. एपस्टाइन-बार विषाणूच्या आजारातून तो धडपणे बाहेर आलेला नव्हता आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या नैराश्याचे निदान झाले.

मी हा टप्पा त्याच दिवशी पाहिलेला नाही. सांधे धरलेले असताना, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, कधीतरी रात्री पाहिला. दुसऱ्याच्या हरण्याने धीर येतो असे म्हणणे बरे दिसत नाही, आणि मला धीर आलाही नव्हता. मला त्यात कुतूहल वाटले ते एवढ्याचेच की बाद ठरलेल्या माणसाचे उरलेले किलोमीटर कोणत्या हिशेबात धरतात. उत्तर सरळ आहे : कोणत्याही नाही. निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे तीन अक्षरे येतात आणि वेळ लिहीत नाहीत.

त्यानंतर दोन वर्षे 'गै.ह.' २०२० च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या एका शर्यतीनंतर तो कॅमेऱ्यापुढे रडला आणि ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल असे म्हणाला. कोणताही संघ त्याला घ्यायला उत्सुक नव्हता. अखेरीस त्याच्या जुन्या बेल्जियन संघाने एका वर्षाच्या करारावर, अल्प मोबदल्यात, घेतले. (एका वर्षाचा करार म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.) २०२१ च्या टूरसाठीही तो ठरलेला नव्हता; संघातला मुख्य स्प्रिंटर सॅम बेनेट गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर राहिला आणि ऐन वेळी याला बोलावले. त्याने फुजेर, शातेरू, व्हालाँस आणि कारकासॉन असे चार टप्पे जिंकले आणि मेर्क्सच्या चौतिसाशी बरोबरी केली. शातेरू म्हणजे २००८ साली त्याने पहिला टप्पा जिंकला तेच गाव. पण मला त्या वर्षातला चारांपेक्षा अधिक आठवतो तो तीनच्या डोंगरावरचा नववा टप्पा. पावसात, थंडीत, तो वेळमर्यादेच्या आत दोन मिनिटांहूनही कमी राखून पोचला. फ्रान्सचा आर्नो देमार त्याच दिवशी बाहेर फेकला गेला. ती दोनपेक्षा कमी मिनिटे नसती तर तेहेतिसावा नाही, चौतिसावा नाही, आणि पस्तिसावा तर नाहीच.

म्हणून कॅव्हेंडिशच्या पस्तीस विजयांना सुटी मुक्तके म्हणताना मला आता थोडे थांबावे लागते. मुक्तक वाचताना त्याच्या मागेपुढे काही नसते. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते तसे नसावे. दोन गाथांच्या मधले न लिहिलेले दिवस कोणत्या सप्तशतीत मोजलेले नाहीत. मेर्क्सच्या विजयांत त्याचे डोंगर दिसतात, कारण ते त्याने जिंकलेले आहेत. कॅव्हेंडिशने ओलांडलेले डोंगर त्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

इटलीतला विक्रम याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. जिरो दितालिया या शर्यतीत आल्फ्रेडो बिंदाने १९२५ ते १९३३ या काळात एक्केचाळीस टप्पे जिंकले. १९२७ साली तर पंधरांपैकी बारा. त्याच्या जिंकण्याने लोक इतके कंटाळले की १९३० मध्ये संयोजकांनी त्याला विजेत्याच्या बक्षिसाइतके, साडेबावीस हजार लिरा, देऊन शर्यतीबाहेर ठेवले. एखाद्या कवीला न लिहिण्याबद्दल पुरस्कार द्यावा तसे. (काही नावे सुचतात, पण नकोत.) बिंदाचा विक्रम मारियो चिपोल्लिनी या स्प्रिंटरने २००३ साली बेचाळिसावा टप्पा जिंकून मोडला. चिपोल्लिनी देखणा, नखरेल, प्रेक्षकांचा लाडका. पण टूर द फ्रान्स त्याने एकदाही पूर्ण केली नाही. डोंगर आले की तो घरी जाई. त्याचे बेचाळीस मला पस्तिसांपेक्षा हलके वाटतात. स्प्रिंटर म्हणून तो कमी नव्हता, हे मान्य करूनही.

२०२२ ला कॅव्हेंडिशला संघाने घेतले नाही. २०२३ ला नव्या संघातून आला, निवृत्ती आधीच जाहीर केली होती. बोर्दोला अगदी शेवटच्या क्षणी सायकलची साखळी दगा देऊन गेली आणि यास्पर फिलिप्सनच्या मागे दुसरा आला. दुसऱ्याच दिवशी पडून खांद्याचे हाड मोडले. निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली. २०२४ च्या पहिल्याच दिवशी, फ्लॉरेन्सहून निघाल्यावर, उन्हाने त्याला उलट्या होऊ लागल्या आणि संघातले साथी त्याच्यासाठी मागे थांबले. त्या दिवशीही प्रश्न वेळमर्यादेचाच होता. चार दिवसांनी सँ-व्हुल्बा. संघाची रांग अखेरीस विस्कटली, आणि एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस या चाकावरून त्या चाकावर जात, फट शोधत, फिलिप्सन आणि अलेक्झांडर क्रिस्टोफ यांच्या पुढे निघाला. आई म्हणाली, "झालं की गं त्याचं. आता जाईल घरी."

तो गेला नाही. पुढे सोळा टप्पे होते, त्यांत पिरनीज होते, आल्प्स होते, आणि त्याला मिळवण्यासारखे काही उरले नव्हते. तो रोज मागच्या घोळक्यात, वेळमर्यादेचा हिशेब करत, चढत राहिला आणि २१ जुलैला नीसला शर्यत पूर्ण केली. त्या तीन आठवड्यांत त्याच्या खात्यावर जमा झाला तो एकच टप्पा.

हा आकडाही फार टिकेल असे नाही. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारच्या नावावर २०२५ अखेर एकवीस टप्पे होते, वय सत्तावीस, आणि तो मेर्क्सच्या घराण्यातला आहे : डोंगर, घड्याळ, एकूण विजेतेपद, सर्व काही. त्याने पस्तिशी ओलांडली तर विक्रम पुन्हा प्रबंधकाराकडे जाईल आणि टीकाकारांना हायसे वाटेल. तोवर माझ्या कागदावर ती ओळ आहे, तीन गैरहजेऱ्यांसह. आईने शेवटी २००७ पुढच्या शून्याकडे बोट दाखवून विचारले, हे तरी नक्की शून्यच ना. ते शून्यच आहे. त्या वर्षी तो लंडनहून निघाला होता आणि आठव्या टप्प्यावर, डोंगरांत, थांबला होता.